व्यवसाय : इतर

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं लहानपणापासून भांडण. तरी लिहितेय, कारण गोष्ट माझ्या गावाची आहे आणि इंग्लिशमध्ये लिहिली तर माझ्याच घरी कुणी वाचणार नाही. शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका संपादकांनी काढल्यात. उरलेल्या माझ्या.

माझं गाव खांब. यावरचे सगळे विनोद पहिल्या वर्षीच होस्टेलवर करून झालेत (विजेचा का टेलिफोनचा?), त्यामुळे नवीन असेल तरच सांगा. मुंबई-गोवा हायवेनं नागोठणं सोडलं, सुकेळीची खिंड उतरली की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. तालुका रोहा, जिल्हा रायगड. गोव्याला जाताना तुमच्यातले बरेच जण तिथून गेलेत. आठवत नसेल, कारण तुमचं लक्ष खड्ड्यांकडे असणार. या रस्त्याचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा मी पहिलीत होते. आता मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. असो, रस्त्यावर लिहायला बसले तर अख्खा अंक त्यातच जाईल.

गेल्या वर्षी एनएसएसच्या कॅम्पसाठी आपण गावांचा सर्व्हे केला. खांबकडची बाजू माझ्याकडे आली, कारण तिथे मला कुत्री ओळखतात. फॉर्म आपणच बनवला होता, म्हणजे खरं सांगायचं तर आधीच्या बॅचच्या फाईलमधून जसाच्या तसा उतरवला होता. (जर्नलची सवय!) त्यात रकाने होते : एकूण जमीन, पिकाखालची जमीन, जंगल, पाण्याचे स्रोत, दगड-मुरूम-वाळू, जवळचा मोठा उद्योग. सगळ्यात खाली एक ओळ : ‘गावाची विकासक्षमता – उच्च / मध्यम / कमी’. यातल्या एकाला गोल करायचा. दुसऱ्या पानावर घरागणिक माहिती. व्यवसायाला चार पर्याय : शेती, नोकरी, मजुरी, इतर.

पहिलं घर आमचंच घेतलं. पप्पा सतरा वर्षं एका मोठ्या कारखान्यात कंत्राटी फिटर होते. काम पंपांचं. मेकॅनिकल सील बदलायचे, कपलिंगचं अलाइनमेंट करायचं, बेअरिंग बघायचं. मग एका वर्षी कंत्राट पुढे चालू झालं नाही. कारखान्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. सहा महिने ते घरात नुसते बसून होते, आणि ते सहा महिने आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं मला आठवत नाही. मग कोलाडच्या एका रिसॉर्टवाल्याचा स्विमिंग पूलचा पंप बसला, आणि कुणीतरी पप्पांचं नाव सांगितलं. आज नदीकाठचे रिसॉर्ट, फार्महाऊस, बोअरवेल, फिल्टर प्लँट असं बरंच काम त्यांच्याकडे असतं. स्कूटरला टूलबॅग. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावतात, मूठ कानाला, आणि सांगतात, ‘पुढच्या बाजूचं बेअरिंग गेलंय.’ आपण लॅबमध्ये व्हायब्रेशनचे ग्राफ काढतो तेच हे, फक्त सबमिशन नाही.

मी पेन उघडलं, चारही पर्याय वाचले, आणि ‘इतर’वर खूण केली. पप्पा खुर्चीमागे उभे राहून बघत होते. म्हणाले, ‘बरोबर आहे. दुसरं काय लिहिणार तू?’

संध्याकाळी फॉर्म मोजले तर सगळ्यात जास्त खुणा ‘इतर’वर. ट्रेलर घेऊन मंगळूरपर्यंत जाणारा ड्रायव्हर इतर. राफ्टिंगचा गाईड इतर. लग्नाच्या जेवणाचे ऑर्डर घेणाऱ्या काकू इतर. गाडीचा गिअरबॉक्स उघडणारा माझा शाळेतला मित्र इतर. आणि खनिज, दगड, वाळूचे रकाने जवळजवळ रिकामे, म्हणून आम्ही खांबला ‘मध्यम’ गोल करून मोकळे झालो. आमच्या रूमवर चंद्रपूरची मुलगी आहे. तिला फॉर्म दाखवला तर म्हणाली, ‘आमच्याकडे तर सगळे रकाने भरतात गं. कोळसा, जंगल, पाणी, पॉवर स्टेशन. तरी माझे दोघे भाऊ पुण्यातच आहेत.’

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय. एखाद्या भागात पुढे काय होऊ शकेल हे मोजायचं कसं? जमिनीखाली काय आहे ते मोजणं सोपं. जमिनीवरच्या माणसांना काय येतं ते कसं मोजायचं?

सरकार काय करतं ते आधी बघितलं. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढतं. त्यात जिल्ह्याजिल्ह्याचं दरडोई उत्पन्न असतं, आणि त्या यादीत आमचा रायगड चांगला वरच्या भागात असतो. वाचून छाती फुगवायला हरकत नाही. पण हे उत्पन्न जिथे तयार होतं तिथे मोजतात, जिथे पोचतं तिथे नाही. नागोठण्याला गॅसपासून प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारं कॉम्प्लेक्स आहे. आधी ते सरकारच्या आयपीसीएलचं होतं, २००२ मध्ये कंपनीचा ताबा रिलायन्सकडे गेला. पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, आधी इस्पातचा, २०१० पासून जेएसडब्ल्यूकडे. रोह्याला धाटावची केमिकल एमआयडीसी. यांच्या उत्पादनातून तयार झालेलं मूल्य रायगडच्या खात्यात पडतं. नफा कुठे गेला, पगार कुठल्या गावात खर्च झाला, हे त्या आकड्यात दिसत नाही. शिवाय बऱ्याच सेवांचं उत्पन्न जिल्ह्यात जाऊन मोजलेलंच नसतं. राज्याचा एकूण आकडा घेऊन तो कामगारांची संख्या वगैरे बघून जिल्ह्यांमध्ये वाटतात. म्हणजे पप्पांचा टूलबॅगवाला धंदा सरासरीनं वाटलेला आहे! वाटलेल्या आकड्यावरून कुठल्या गावात वेगळं काही उगवतंय हे कसं कळणार?

दुसरं मोजमाप आपल्या महाराष्ट्रातच झालं, आणि ते प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पाणी, वीज असं एकेक क्षेत्र घेऊन राज्याच्या सरासरीपेक्षा कुठला जिल्हा किती मागे आहे ते काढलं. जेवढा मागे, तेवढा त्याचा ‘अनुशेष’. सगळा मिळून सुमारे ३,१८७ कोटी रुपये. पुढे २०११ मध्ये विजय केळकरांची समितीही याच प्रश्नावर बसली. दांडेकर समितीबद्दल मला आदर आहे. त्या आकड्यांशिवाय विदर्भ-मराठवाड्याची तक्रार नुसती तक्रार राहिली असती. पण अनुशेष म्हणजे काय नाही याची यादी. सरकारनं काय दिलं नाही ते त्यातून कळतं. आहे त्यातून काय होऊ शकतं, हा त्या समितीचा प्रश्नच नव्हता. आम्ही मात्र आमच्या फॉर्मवर ‘विकासक्षमता’ लिहून खाली फक्त आहे-नाहीची यादी केली.

आता पेणकडे या. पेणचे गणपती सगळ्यांना माहीत आहेत. पेण शहर, हमरापूर, जोहे, या भागात घराघरात कारखाने. गणपती मुंबई-पुण्याला जातात, परदेशातही जातात. माझी अशी समजूत होती की पेणची माती खास असणार. अजिबात नाही! शाडू माती येते गुजरातहून. प्लास्टर येतं राजस्थानातून. पेणचं त्यात आहे काय? साचा काढणारा हात, फिनिशिंग करणारा हात, आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा हात. आखणीवाल्याला हंगामात काय भाव असतो ते एकदा जाऊन विचारा. आमच्या फॉर्मवर हमरापूर भरलं असतं तर माती : नाही, खनिज : नाही, क्षमता : कमी.

कोल्हापूरचंही असंच. तिथे लोखंडाची खाण नाही, पण फौंड्रीचं काम म्हटलं की आपल्या प्रोफेसरांच्या तोंडून पहिलं नाव तेच येतं. शेतीची, गुऱ्हाळांची इंजिनं दुरुस्त करता करता लोक ऑइल इंजिनं बनवायला लागले, इंजिनांसाठी कास्टिंग लागलं, आणि त्यातून फौंड्री वाढल्या. सगळ्यात मला आवडलं ते मिरज. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं बनवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम गेलं. मग फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोरा आणि सतारीकडे वळले. सतारीचा भोपळासुद्धा मिरजेचा नाही, तो पंढरपूरकडून येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मिळालं. तलवारीवरून सतार! कुठल्या सर्व्हेत हे आधी दिसलं असतं?

यावर शास्त्र आहे हे मला लायब्ररीत कळलं. सेझर हिदाल्गो, रिकार्डो हाउसमान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये पेपर आला. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगते. जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक झाड, कारखाने म्हणजे माकडं. माकड लांबच्या झाडावर उडी मारू शकत नाही, जवळच्या झाडावर मारतं. म्हणून एखाद्या देशाचं पुढे काय होईल हे बघायचं तर त्याची माकडं आज कुठल्या झाडांवर आहेत आणि आसपास कुठली झाडं आहेत ते बघा. (कोकणातल्या शेतकऱ्याला माकडांचं उदाहरण देऊ नका. भुईमूग, काकडी सगळं नेतात ती. पण मुद्दा कळला असेल.) शर्टवरून पँट जवळ, शर्टवरून जेट इंजिन लांब. तलवारीवरून सतार लांब वाटते, पण धातू, तार, पॉलिश, हाताचा अंदाज असं बघितलं तर ती शेजारच्याच झाडावर आहे. कारखान्याच्या पंपावरून स्विमिंग पूलचा पंप, तसंच.

आणखी एक साधं माप आहे, लोकेशन कोशंट. समजा राज्यात शंभर कामगारांपैकी एक जण मूर्तिकाम करतो आणि पेण तालुक्यात शंभरांत दहा जण करतात, तर पेणचा कोशंट दहा. एकच्या वर म्हणजे त्या गावाकडे काहीतरी खास. हे कुणीही काढू शकतं, इंजिनिअरिंगची गरज नाही. अडचण एवढीच की ते काढायला आधी माणसांना योग्य रकान्यात घालावं लागतं. सगळे ‘इतर’ असतील तर ‘इतर’चा कोशंट काढून काय करणार?

नैसर्गिक साधनं काहीच कामाची नाहीत असं मी म्हणत नाही. आमच्या कुंडलिकेचंच बघा. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं, तिथे १९२७ पासून टाटांचं वीजघर आहे. त्या धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, तो सेनापती बापटांचा. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, म्हणून कोलाडला भर उन्हाळ्यात राफ्टिंग होतं. तेच पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्याला अडतं, कालव्यानं उन्हाळी भाताला जातं, कारखान्यांना जातं. एकच पाणी किती कामं करतं! पण गंमत अशी की पाणी १९२७ पासून होतं आणि राफ्टिंग आत्ता आत्ता आलं. मधली सत्तर-ऐंशी वर्षं पाणी तसंच वाहत होतं. आज आसपासच्या गावांतली मुलं राफ्ट चालवतात. कुठल्या दगडामागे पाणी कसं वळतं हे त्यांना पाठ आहे, फर्स्ट एड येतं, आणि आयटीवाल्यांच्या ग्रुपला इंग्लिशमध्ये हसवताही येतं. माझ्या कॉन्व्हेंटनं मला जेवढं धीट केलं नाही तेवढं त्यांना नदीनं केलंय. फॉर्ममध्ये ‘पाण्याचे स्रोत – नदी, बारमाही’ एवढंच आलं.

मग आमच्याकडे क्षमता कुणी मोजतच नाही का? मोजतात. हायवेच्या दोन्ही बाजूंना बोर्ड आहेत : एनए प्लॉट, इतके लाख गुंठा. नाक्यावर आज हेच एक माप चालतं. मुंबई जवळ येतेय, त्यामुळे भाव चढतोय. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच वर्षी पेण, पनवेल, उरणमधली १२४ गावं नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे दिली गेली. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. आमचं गाव त्यात नाही, पण वारं येतंच. पेणकरांनी हे आधी पाहिलंय. महामुंबई सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ ला, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जमीन द्यायची का नाही यावर चक्क मतदान झालं होतं, आणि पुढे तो सेझ झालाच नाही. जमीन विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला पैसे लागतात. पण गुंठा एकदाच विकता येतो. आखणी दरवर्षी विकता येते. ज्या मापात हे दोन्ही सारखेच दिसतात, ते माप वापरून आपण पोरांना सल्ला देतो, ‘इथे काही नाही, पुण्याला जा.’ मीही बहुतेक पुण्यालाच जाणार आहे, प्लेसमेंटचा ॲप्टिट्यूड भरून झालाय. ढोंग कशाला करू?

रोह्याचं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. सी. डी. देशमुख आमच्या जिल्ह्याचे. जन्म १८९६ मध्ये महाडजवळ नात्याचा, घराणं रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सच्या परिषदेत भारताच्या बाजूनं बसले होते, नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. त्या काळी रोह्यात हा फॉर्म नेला असता तर भात, जंगल, खाडी असं लिहून आलो असतो.

बँकेवरून आठवलं. एक आकडा गावपातळीवर फार बोलका आहे. लोकांनी बँकेत ठेवलेल्या शंभर रुपयांपैकी त्याच भागात किती कर्जाऊ दिले. ठेवी भरपूर आणि कर्ज थोडं, म्हणजे इथला पैसा दुसरीकडची माकडं उडवतोय. पप्पांनी अलाइनमेंटचं लेझर यंत्र घ्यायला कर्ज मागितलं होतं. बँकेत विचारलं, ‘दुकान कुठे आहे?’ दुकान नाही, स्कूटर आहे. कर्ज मिळालं नाही. जमीन तारण ठेवा म्हणाले, म्हणजे पुन्हा गुंठाच. आणि पेणमध्ये २०१० साली अर्बन बँक बंद पडून हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, त्यामुळे आमच्याकडची माणसं बँकेच्या पायरीवर आधीच दबकून असतात. हात आहे, गिऱ्हाईक आहे, भांडवल नाही, अशा ठिकाणी काय वाढणार आहे हे मोजायला दांडेकर समितीची गरज नाही. एक मॅनेजर आणि एक वही पुरे.

दिवाळीच्या सुट्टीत मी नवा फॉर्म करून बघितला. व्यवसायाचा रकानाच काढून टाकला. त्याऐवजी चार प्रश्न विचारले. तुम्हाला काय करता येतं, क्रियापदात सांगा (जोडता, उघडता, रंगवता, शिजवता, चालवता). ते कुठे शिकलात. या कामाचा पैसा गावातून येतो का गावाबाहेरून. आणि याआधी काय करत होता. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला, कारण त्यातून माकडांच्या उड्या दिसतात. नाक्यावरचा वेल्डर आधी कारखान्याच्या शटडाऊनला जायचा, आता रिसॉर्टचे तंबू उभारायचे सांगाडे बनवतो. जेवणाच्या ऑर्डरवाल्या काकू आधी हायवेच्या कामावरच्या मजुरांचे डबे करायच्या. दोन ड्रायव्हर कोलाड स्टेशनच्या रोरोनं ट्रक गाडीवर चढवून गोव्याकडे जातात, आणि फुकट गेलेल्या वेळात मोबाईलवर दुसऱ्यांच्या गाड्यांना माल शोधून देतात. त्यांना विचारलं, ‘काका, तुम्ही ट्रान्सपोर्ट एजंट झालात की!’ तर म्हणाले, ‘नाय गो बाय, मी ड्रायव्हरच.’

वहीची नऊ पानं भरली. त्याचा तक्ता करायला घेतलाय, कुठून कुठे बाण दाखवणारा. तो नीट व्हायला आणखी पाच-सहा गावं लागतील, एकट्या खांबवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. येत्या कॅम्पला जुना फॉर्म वापरू नये असं मी एनएसएसच्या सरांना सांगितलंय. ते म्हणाले, ‘नवा टाईप करून आण, बघू.’ टाईप केलेला फॉर्म मेसच्या बाहेरच्या बोर्डावर लावलाय. काय सुटलंय ते पेन्सिलीनं तिथेच लिहा, नाव लिहिलं नाही तरी चालेल. आपल्या वर्कशॉपच्या मामांचाही फॉर्म मला भरून हवा आहे. लेथवर बसायच्या आधी ते काय करायचे हे आपल्यातल्या एकालाही माहीत नाही.

पप्पांचा फॉर्म मी पुन्हा भरला. पहिल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं, ‘ऐकतो.’ मी म्हटलं, ‘पप्पा, असं नाही चालत, नीट सांगा.’ ते म्हणाले, ‘नीटच सांगतोय. आधी ऐकतो, मग उघडतो. लिही.’